फावल्या वेळेचं इंग्रजी

धुकं पडलं की मी अजून घाबरते. इथं अंबाल्याला डिसेंबरात पडतं ते धुकं साधंसुधं नसतं. समोरच्या घराचं फाटक दिसत नाही, दूधवाल्याची सायकल आधी ऐकू येते आणि मग दिसते. शेजारणी म्हणतात, काय सुरेख गारठा पडलाय. मी शाल गुंडाळून खिडकीशी बसते आणि मी न बोलावता एक वाक्य तोंडात येऊन बसतं. माय हॉबीज आर रिडिंग, निटिंग अँड गार्डनिंग. पन्नास वर्षं होत आली. त्या वाक्याचा एक शब्द झिजला नाही.

परवा नातीनं शाळेतनं कागद आणला. घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाची माहिती भरायची होती. नाव, गाव, शिक्षण आणि मग हॉबीज. पेन उगारून ती विचारायला लागली, "आजी, तुझी हॉबी काय लिहू?" मी म्हटलं, थांब जरा, दूध उतू जाईल. स्वयंपाकघरात गेले. गॅसवर दूध नव्हतंच. मी नळ सोडला आणि हात धुतलेले असून पुन्हा धुतले.

हसण्यासारखंच आहे हे. पण भीतीला वय कळत नाही. ती एकदा ज्या ऋतूत अंगात शिरली त्या ऋतूत परत येते, जुन्या दुखण्यासारखी.

आमचं गाव उंब्रजपासून कोसभर, कृष्णेच्या काठाला. थंडीत नदीवरनं धुकं उठायचं आणि उसात शिरायचं. तोडणी चालू असायची, पण तोडणारी माणसं दिसायची नाहीत; नुसता कोयत्याचा आवाज आणि मधूनच कुणाचं खोकणं. गाड्या भरून कारखान्याकडं निघायच्या, बैलांच्या नाकपुड्यांतनं वाफ निघायची. घरात चुलीपुढं सगळ्यांची दाटी व्हायची आणि तिथंच, त्या दाटीत, पोरींच्या लग्नाचे विषय निघायचे. थंडी म्हणजे आमच्याकडं बघायला येण्याचा हंगाम. ऊस आणि पोरी एकाच महिन्यात घराबाहेर काढायच्या.

मी सातवीची परीक्षा दिली आणि दप्तर फळीवर गेलं. पुढची शाळा उंब्रजला होती, आईचा गुडघा धरला होता, आणि म्हैस काही शाळेची वेळ बघून पान्हा घालत नव्हती. कुणी मला शाळा सोड असं म्हटलं नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि मला उठवायला कुणी आलं नाही, एवढंच.

त्याला पाच वर्षं झाली होती, तेव्हा शिराळ्याकडचं स्थळ आलं. मुलगा मिलिटरीत नाईक, पोस्टिंग लांब पंजाबात, फॅमिली क्वार्टर मिळणार. स्थळ आणलं आकाराममामानं. मामा गुणी माणूस, नुसता तोंडाचा सैल. त्या लोकांनी विचारलं, मुलगी शिकलेली पाहिजे, तिकडं क्वार्टरमधल्या बायकांत वागायचं असतं. मामा बोलून गेला, मॅट्रिक हाय. घरी येऊन सांगितलं तेव्हा भाकरीचा तुकडा त्याच्या हातात होता, तो त्यानं खाली ठेवलासुद्धा नाही.

"मॅट्रिक?" आई म्हणाली. "आरं, सातवी म्हंजे मॅट्रिक व्हय?"

"आक्का, तिथं काय परीक्षा घेत्यात का? चार इंग्रजी शबूद आलं म्हंजे मॅट्रिक. लोकं कागद बघत न्हाईत, तोंड बघत्यात."

अण्णा, म्हणजे माझे वडील, पलटणीतनं हवालदार म्हणून पेन्शनवर आलेले. खोटं त्यांना चालायचं नाही. पण धाकटी कुसुम माझ्या मागं उभी होती आणि ह्याआधी दोन स्थळं मला बघून गेली होती. दोघांनीही 'कळवतो' म्हटलं होतं. कळवतो म्हणणारी माणसं कळवत नाहीत, हे तोवर घरात सगळ्यांना कळलं होतं. अण्णा उठून गोठ्याकडं गेले. मामा म्हणाला, "बघ, न्हाई म्हणाला न्हाई."

चार इंग्रजी शब्द आणायचे कुठनं? गावात सरकारी दवाखान्यात मालनबाई नर्स होत्या. मूळच्या सांगलीच्या, शहरात वाढलेल्या, पांढरी साडी, पायात काळे बूट. आई त्यांच्याकडं गुडघ्याच्या गोळ्या आणायला जायची. एक दिवस गोळ्यांबरोबर मलाही घेऊन गेली. बाईंनी ऐकून घेतलं, माझ्याकडं बघितलं, म्हणाल्या, "मुलगी बघताना हल्ली एकच विचारतात बघा. हॉबी. शहरातली पद्धत आहे. तेवढं तयार करून घेते मी."

आमच्याकडं त्याला शब्दच नव्हता. छंद पुस्तकात असायचा. गावात होता तो नाद. बाळू तराळाला तमाशाचा नाद, पाटलाच्या थोरल्याला बैलांच्या शर्यतीचा नाद. नाद म्हटलं की मागं कुणाची तरी जमीन गेलेली असायची. आई घाबरून म्हणाली, "बाई, पोरीच्या जातीला कसला नाद? आमची शालन तसली न्हाई हो."

मालनबाई इतक्या हसल्या की आतल्या खोलीतनं पेशंट डोकावला.

दुपारी दवाखाना रिकामा झाला की शिकवणी. इंजेक्शनच्या खोक्याचे पुठ्ठे फाडून बाई त्यावर शब्द लिहून द्यायच्या, मागच्या बाजूला मराठीत उच्चार. "रोज पाच. सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. पाण्याबरोबर घेतलेस तरी चालतील." रिडिंग. निटिंग. गार्डनिंग. लिसनिंग टू रेडिओ. आय रिलॅक्स इन माय फ्री टाइम.

"बाई, गार्डनिंग म्हंजे?"

"बागकाम."

"आमचा तीन एकर ऊस हाय. मी भांगलते की, तण काढते. ते चालंल?"

"नाही गं. पोटासाठी केलं की ते काम. पोटासाठी न करता केलं तर हॉबी."

"म्हंजे ज्यात पैसा सुटत न्हाई ती हॉबी?"

"तसंच म्हण."

"मग अण्णांचा ऊसच हॉबी हाय."

त्या वाक्यावर बाई मला पेढा देतील असं वाटलं होतं. त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. त्या हंगामात मी जे काही हसले असेन ते त्या दवाखान्यातल्या बाकावर, डेटॉलच्या वासात.

सगळ्यांत अवघड शब्द रिलॅक्स. बोलायला नव्हे, समजायला. बाई म्हणाल्या, अंग सैल सोडायचं. मी आठवून बघितलं, आमच्या घरात अंग सैल कोण सोडतं? आई तापात. अण्णा झोपेत, तेही अर्धवट, पहाऱ्याची सवय. मी म्हशीच्या कासेखाली बसून पाठ करायची, माय हॉबीज आर, माय हॉबीज आर, आणि माझा आवाज असा परका लागायचा की म्हशीनं दोन दिवस पान्हा चोरला. कुसुम ओरडली, "आये, हिला सांग मराठीत दूध काढ म्हणून!"

इथं अंबाल्यात बागेत संध्याकाळी आम्ही म्हाताऱ्या बसतो. कुणी योगासनं करतं, कुणी भजन. एक नवीन बाई आली की हिंदीत विचारते, आपका शौक क्या है जी? साधा प्रश्न असतो. मला मात्र वाटतं, हिच्या मागं कुणीतरी उभं आहे, उत्तर लिहून घेतंय आणि नंतर ते पडताळून बघणार आहे.

बघायला आले त्या दिवशी दिवस वर आला तरी धुकं हटलं नव्हतं. तिघं होती. तो, त्याचे वडील आणि एक आत्या, नाकात ठसठशीत नथ, नजर कापूस पिंजून काढणारी. आमच्याकडं त्या काळी मुलीच्या हाताचं काम मांडून ठेवायची रीत होती. भिंतीशी खाटेवर पसरायचं, जणू सहज पडलंय. माझ्या हातची वाकळ होती घरात, चौदा जुन्या लुगड्यांची, पण वाकळ कोण मांडतं? ती पांघरायची. मालनबाईंनी आपला मोराचा टेबलक्लॉथ दिला आणि क्रोशाचे दोन रुमाल. घरात टेबल नव्हतंच. कुणाच्या ते ध्यानात आलं नाही.

आत्यानं टेबलक्लॉथ उचलला आणि उलटा केला. जाणत्या बायका सुलट बाजू बघत नाहीत. गाठी कुठं मारल्यात, दोरा कुठनं कुठं नेलाय ते बघतात. मी पाटावर बसले होते, पायाचा अंगठा जमिनीत रुतवून. तिनं एक बोट फिरवलं आणि म्हणाली, "हात लय नितळ हाय पोरीचा."

तो हात सांगलीचा होता. त्या वेळी तो बहुतेक दवाखान्यात कुणाला तरी सुई टोचत असेल.

"किती शिकलीस, बाळ?" त्याच्या वडिलांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाला, "मॅट्रिक! इंग्रजी तर असं की सायेब गप व्हईल."

मी खोटं बोलले नाही. गप्प बसले. आमच्याकडं पोरीचं गप्प बसणं खोट्यात धरत नाहीत, मर्यादेत धरतात. त्या मर्यादेची मला इतकी वर्षं लाज वाटत आली आहे.

मग त्यानं, नवऱ्या मुलानं, विचारलं. खाली बघत, घसा साफ करून. "व्हॉट आर युवर हॉबीज?"

मी म्हटलं. एका दमात, चढ-उतार नाही, पाढा म्हणावा तसं. रिडिंग, निटिंग अँड गार्डनिंग. इन माय फ्री टाइम आय रिलॅक्स. तो म्हणाला, व्हेरी गुड. मामानं मिशीवरनं हात फिरवला. आईनं दाराआड पदर डोळ्याला लावला. सगळं अगदी बेतल्यासारखं झालं. आणि माझी खरी भीती त्या क्षणी सुरू झाली.

कारण तोवर मी एवढंच भीत होते की नकार येईल. होकार आला तर काय, ह्याचा विचारच केला नव्हता. होकार आला की ते खोटंही माझ्याबरोबर नांदायला येणार होतं. आमच्या गल्लीतली हिराक्का रहिमतपूरला दिली होती. डोळ्यांनी अधू होती, ते तिच्या भावांनी लपवलेलं. सव्वा महिन्यानं तिला परत आणून घातली. भावांना कुणी काही बोललं नाही. लोक म्हणायचे, 'फसवून दिली', आणि बोट मात्र तिच्याकडं. भावाच्या उंबऱ्यात बसून ती तांदूळ निवडायची, सूप अगदी नाकाला लावून. मी पाण्याला जाताना त्या दारावरनं जायचे टाळायला लागले. लांबच्या वाटेनं जायचे, काट्यातनं.

साखरपुडा झाला. गावानं चिवडा-लाडू खाल्ले. तो परत ड्युटीवर गेला. लग्न फाल्गुनात, दोन महिने हातात. मग एक दिवस पत्र आलं.

इनलँड, निळं, माझ्या नावाचं. पोस्टमननं अर्थात ते अण्णांच्या हातात दिलं. आमच्या घरात पत्र कुणाच्याही नावाचं आलं तरी ते घराचं असायचं. अण्णांनी ओट्यावर बसून विळीच्या टोकानं कड कापली, उलगडलं, आणि थबकले. आत सगळं इंग्रजी. अण्णांना पलटणीतलं इंग्रजी यायचं, कानानं, डोळ्यानं नाही.

मामा तिथंच होता. तो म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला, "मग आडलंय कुठं? घरात मॅट्रिक पोरगी हाय की. शाले, वाच गं मोठ्यानं."

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. स्वतः पेरलेलं खोटं दोन महिन्यांत त्याच्या मनात इतकं उगवून आलं होतं. अण्णांनी मान वर केली नाही. आईच पुढं झाली, "सासरचं पत्र बापापुढं वाचतंय व्हय कोण? जा गं, आत जाऊन वाच." मी आत गेले आणि मागच्या दारानं दवाखान्याकडं पळत सुटले.

पत्र अक्षर-अक्षर लावून मला एकच शब्द वाचता आला होता. हॉबीज.

मालनबाईंनी चष्मा लावला. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरत गेला. तो लिहीत होता, तुझ्याविषयी इकडं सगळ्यांना सांगितलं. युनिटमधल्या कुटुंबांसाठी एक सेंटर आहे, बायका दर आठवड्याला जमतात. साहेबांच्या मेमसाहेब ते चालवतात. त्यांना मी म्हटलं, माझ्या होणाऱ्या मिसेसला वाचनाची आणि विणकामाची हॉबी आहे. त्यांनी तुझं नाव लिहून घेतलं. बायकांना पेपर वाचून दाखवायचा आणि विणकामाचा क्लास घ्यायचा, हे दोन्ही त्यांनी तुझ्याकडं दिलंय. मला फार अभिमान वाटतो.

अभिमान हा शब्द बाईंनी मराठीत सांगितला तेव्हा मी बाकावर बसले. मला ते सेंटर दिसायला लागलं. खुर्च्यांवर साहेबांच्या बायका, हातात पेपर, आणि मी मध्ये उभी. आणि दाराशी तो, मान खाली घालून.

"मी तुला उत्तरापुरतं शिकवलं गं," मालनबाई म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता त्यांचा. "पुढं तो ते खरं धरून चालेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मेलं माझं शहाणपण." मग त्यांनी धीर केला. "थांब. मी उत्तर लिहून देते इंग्रजीत. तू उतरवून काढ. लग्नापर्यंत निटिंग शिकवते. वाचायचं बघू, डोळे दुखतात म्हण."

डोळे. मला हिराक्का आठवली.

बाईंनी त्या दिवशी कच्चा मसुदा लिहिला. डिअर, आय अॅम सो हॅपी. मी तो चार दिवस चोळीत घेऊन फिरले. कागद घामानं मऊ झाला. रोज वाटायचं, आज उतरवून काढावा. उतरवलं असतं तर खोटं पहिल्यांदा माझ्या हाताचं झालं असतं. तोवर ते मामाच्या तोंडचं होतं, बाईंच्या सुईचं होतं. मी नुसती त्याच्या मध्ये बसलेली होते.

नातीनं शाळेच्या त्या कागदावर शेवटी स्वतःच 'कुकिंग' लिहून टाकलं. मी ते तसंच राहू दिलं. ती दिवसभर मला स्वयंपाकघरातच बघते. तिच्या परीनं ती खरंच लिहीत होती. खोटं कुठं सुरू होतं हे सांगणं किती कठीण असतं.

पाचव्या दिवशी उंब्रजचा बाजार होता. आईनं मला मिरच्या आणायला पाठवलं. मी पोस्टातनं एक इनलँड घेतलं आणि तिथंच, पोस्टाच्या मागच्या पायरीवर, गुडघ्याचीच पाटी करून लिहायला बसले. मराठीत. सातवीनंतर हातात पेन धरलं नव्हतं. अक्षरं एकमेकांवर चढत होती. काय लिहिलं ते मला आजही तोंडपाठ आहे, आणि ते कुणी पाठ करून घेतलेलं नाही.

'मी सातवी शिकले आहे. मॅट्रिक नाही. इंग्रजीतलं उत्तर मला दवाखान्यातल्या बाईंनी शिकवलं, त्यांचा दोष नाही, आम्हीच गेलो होतो. टेबलक्लॉथ त्यांचा आहे. मला विणता येत नाही. वेळ मिळतो तो दुपारी भांडी झाल्यावर, म्हैस रवंथ करते तेवढा. तेव्हा मी दारात बसते. काही करत नाही, नुसती बसते. ह्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला माहीत नाही. मेमसाहेबांच्या वहीतून माझं नाव काढावं, नाहीतर तुमची मान खाली जाईल. लग्न मोडायचं असेल तर अण्णांना 'पत्रिका जमत नाही' एवढंच कळवावं. त्यांना ह्यातलं काही लिहू नये. ते हवालदार होते.'

पत्र पेटीत टाकलं आणि आतमध्ये ते पडल्याचा आवाज ऐकला. तो आवाज ऐकल्यावर मला जाग आल्यासारखं झालं. काय केलं मी! गावानं लाडू खाल्लेत, कुसुम मागं उभी आहे, आणि मी सगळं घर त्या लाल पेटीत टाकलं. मी पेटीच्या फटीत हात घातला. मनगटाच्या पुढं जाईना. पोस्टातला माणूस ओरडला, "ए पोरी, काय करतीस? सरकारी हाय ती!" मी हात ओढला, कातडं सोललं. घरी आले ती मिरच्या न घेताच. आईला सांगितलं, महाग होत्या.

मग दिवस. ते पंधरा-सोळा दिवस मी आयुष्यातनं काढून टाकू शकले असते तर काढले असते. आणि आता वाटतं, नको. धुकं रोज पडत होतं. पोस्टमनची सायकल वळणावर यायची तेव्हा तिच्या चेनचा आवाज आधी यायचा, आणि तेवढ्या वेळात, आवाजापासून माणूस दिसेपर्यंत, मी काय काय होऊन जायचे. परत घातलेली पोर. अण्णांना तोंड दाखवायला जागा न ठेवलेली पोर. कुसुमचं नशीब खाल्लेली पोर. भाकरी ताटात तशीच राहायची. कुसुम म्हणायची, "आत्ताच सासरची आठवन याय लागली व्हय गं?" आणि मला चिमटा काढायची. मी तिच्याकडं बघू शकत नव्हते. मालनबाईंनी सांगलीहून लोकर आणि सुया आणल्या, मी रोज दुपारी जाऊन शिकायचे, एक सुलट, एक उलट, आणि त्यांना सांगू शकत नव्हते की ह्याचा आता काही उपयोग नाही. त्या बाईंचं ऋण माझ्यावर असं दुहेरी आहे. त्यांनी मला खोटं शिकवलं तेही मायेनं आणि मी ते मोडल्यावर कळलं तेव्हा पाठीवर हात ठेवला तोही मायेनं.

पत्र आलं तेव्हा मी अंगणात म्हशीच्या चाऱ्याचं सरमाड रचत होते. अण्णा ओट्यावर होते, मामा त्यांच्याशेजारी तंबाखू मळत होता, आई आणि कुसुम दारात ज्वारी पाखडत होत्या. पोस्टमननं पत्र अण्णांच्या हातात दिलं. अण्णांनी विळी मागवली, कड कापली, उलगडलं. त्यांचा चेहरा खुलला.

"आरं, ह्ये मराठीत हाय की."

आणि ते मोठ्यानं वाचायला लागले, सगळ्या घराला ऐकू जाईल असं, पलटणीत ऑर्डर वाचून दाखवतात तशा आवाजात. मला ओरडायचं होतं, आवं अण्णा, नको.

"कुमारी शालन हिस. तुझं पत्र मिळालं."

अण्णा थांबले. "तुझं पत्र? तू कवा लिव्हलंस?"

सुपाचा आवाज थांबला होता. अण्णांनी पुन्हा कागदावर नजर टाकली आणि पुढची ओळ सवयीनं तशीच मोठ्यानं वाचली. "तू सातवी शिकली आहेस हे तू स्वतः..."

तिथं त्यांचा आवाज बंद झाला. ओठ मात्र हलत राहिले. डोळे ओळीच्या ह्या टोकापासून त्या टोकाला जात होते, पुन्हा येत होते. मामाच्या तळव्यावरची तंबाखू तशीच राहिली.

"आक्रीत केलं पोरीनं," मामा म्हणाला. "काय म्हणतोय तो? मोडलं का? दाजी, मोडलं का?"

अण्णा वाचत राहिले. शेवटपर्यंत वाचलं असावं, कारण त्यांनी कागद उलटा करून मागची बाजूही बघितली. मग माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, आता उठतील आणि मारतील. त्यांनी मला कधी मारलं नव्हतं. मी सरमाडाची पेंडी छातीशी धरून उभी राहिले.

ते उठले. पत्र होतं त्याच घड्यांवर परत दुमडलं. अंगणात माझ्यापर्यंत चालत आले.

"आकाराम," ते मामाकडं न बघता म्हणाले, "ह्ये पत्र माझ्या नावाचं न्हाई." आणि मग मला, "घे. तुझं हाय. तुझं तूच वाच."

माझं म्हणून माझ्या हातात कुणी कधी पत्र दिलं नव्हतं. मी घडी उलगडली. त्यानं लिहिलं होतं, पत्रिका जमत नाही असं खोटं मी लिहिणार नाही. मेमसाहेबांना खरं सांगून आलो, सांगताना मला घाम फुटला. वहीत तुझं नाव अजून आहे, पुढचं मात्र खोडलं आहे. तिथं काय लिहायचं ते तू आल्यावर तू सांग. फाल्गुनातली तारीख तीच. आणि खाली एक ओळ होती. तुमच्या घरी आलो तेव्हा मला कुणी काहीच विचारलं नाही, तूही नाही, तुला विचारायचं असेल तर विचार.

कुसुमला राहवलं नाही. सूप टाकून ती डोकावायला धावली. अण्णा माझ्याकडं पाठ करून उभे होते, पाय जोडून, हात मागं, घराकडं तोंड करून. त्यांनी एक हात आडवा केला आणि तिला तिथंच थोपवलं. मामा उठला, त्यालाही. कुणालाच पुढं येऊ दिलं नाही. त्यांच्या पाठीमागं, त्या एवढ्याशा जागेत, मी पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागले.